पाणी लपवणारं गाव

त्या गावात सरकारी माणूस म्हणून मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वेशीतच खोटं बोललो. चावडीपुढच्या पारावर पाच-सहा जण बसले होते. माझ्या सायकलीला बांधलेली पोलादी टेप, शिशाचं वजन आणि खडूची पिशवी बघून एकानं विचारलं, "काय मोजायला आलाय, ओव्हरशेर?"

"विहिरी," मी म्हणालो. "नारूच्या किड्यांचं औषध टाकायचंय. पाणी किती ते कळल्याशिवाय औषध किती टाकायचं ते कळत नाही."

हे वाक्य माझं नव्हतं. पुण्याच्या कचेरीत साहेबांनी ते मला पढवून पाठवलं होतं. चाकणच्या रस्त्याला एका कंपनीला पुठ्ठ्याचा कारखाना काढायचा होता. पुठ्ठा करायला पाणी फार लागतं. कंपनीनं ओढ्याकाठची जागा पाहून ठेवली होती आणि तिथं चाचणीला पाणी चांगलं लागलं होतं. तिथं मोठी विहीर खणून तिच्यावर इंजिन बसवायचं, तर वरच्या अंगाला असलेल्या गावच्या विहिरींना किती धक्का बसेल, हे परवानगीच्या आधी पाहायला हवं होतं. ते पाहायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येक विहिरीत पाणी किती आहे, एवढं मोजून आणायचं.

साहेब म्हणाले, "कारखान्याचं नाव काढू नका. नाव निघालं की जमिनीचे भाव चढतात, अर्ज सुरू होतात आणि खरं कोणी बोलत नाही. नारूचं सांगा." मी मान हलवली. वरिष्ठांनी सांगितलेलं खोटं हे आपलं खोटं नसतं, असं मला त्या वयात वाटत असे. शिवाय एक गोष्ट मी साहेबांना सांगितली नाही. त्या गावात माझी थोरली बहीण दिलेली होती.

आमचं मूळ गाव फलटणकडचं. आई लवकर गेली आणि मला आक्कानंच वाढवलं. माझ्या शाळेसाठी ती स्वतः शाळेत गेली नाही, हे तिनं मला कधी ऐकवलं नाही. मीच ते स्वतःला ऐकवत आलोय. लग्न होऊन ती या माळावर आली. पुढं मला नोकरी लागली तेव्हा मी चिंचवडला भाड्याची खोली घेतली, ती तिच्यापासून लांब राहू नये म्हणूनच. पिंपरी-चिंचवडच्या बाजूला तेव्हा कारखान्यांच्या भिंती नुकत्या उठायला लागल्या होत्या. पण सायकलीनं मोशीजवळ इंद्रायणी ओलांडली की सगळा माळ. पाऊस मावळात मोकळा होतो आणि चाकणच्या अंगाला येईस्तोवर त्याच्याकडं फार काही उरत नाही. कांदा, लसूण, भुईमूग, जे काय पिकायचं ते विहिरीच्या जिवावर.

आक्काच्या घरची विहीर सामाईक होती. अर्धी दाजींची, अर्धी त्यांच्या चुलतभावाची. बांधलेली दुमोटी होती, म्हणजे दोन बाजूंना दोन मोटा लागतील अशी. पण दोन मोटांना पुरेल एवढं पाणी तिला कधीच नव्हतं. म्हणून तीन दिवस दाजींची पाळी, तीन दिवस चुलतभावाची. आजोबांच्या वेळेपासून हे चालत आलेलं. एकाच्या पाळीत दुसऱ्यानं घागरभर पाणीसुद्धा मोटेनं काढायचं नाही. दाजी म्हणायचे, "बायकू पळवली तर पंचांत मिटतं पावणं, पाळी चोरली तर न्हाई मिटत."

माघ महिना होता. त्या वर्षी पाऊस इतका वाईट झालेला नव्हता, त्यामुळं विहिरींत पुरुषभर तरी पाणी असेल अशा हिशेबानं मी गेलो होतो. टेपेच्या टोकाला खडू लावून ती खाली सोडायची. खडू जिथपर्यंत भिजतो तिथपर्यंत पाणी. पहिल्या विहिरीत टेप खाली जातच राहिली. तळाशी गुडघाभर पाणी. दुसरीत तेवढंच. तिसरीत तर मला गाळच लागला.

चौथ्या विहिरीवर मी टेप गुंडाळता गुंडाळता थांबलो. आतले दगड वरपर्यंत ओले होते. कोरड्या विहिरीचे दगड पांढुरके दिसतात. हे काळे, चकचकीत. मोटेचे बैल धावेच्या उतरणीच्या कडेला बसून धापा टाकत होते. सकाळची उन्हं अजून कोवळी, आणि या बैलांचं काम होऊनसुद्धा गेलेलं. मी पाटाच्या कडेनं चालत गेलो. पाणी कांद्याच्या वाफ्यांत गेलं नव्हतं. ते पुढं जाऊन एका पडीक वावरात पसरलं होतं. त्यात काही पेरलेलं नव्हतं, नांगरलेलंसुद्धा नव्हतं.

विहिरीचा मालक माझ्या मागोमाग आला होता. मी विचारलं, "हे पडीक कशाला भिजवलंत?"

"उंदरं लई झाल्यात," तो म्हणाला.

"मग?"

"बिळात पानी सोडलं. बुडूनशान मरत्याल."

"आणि एवढ्यासाठी सगळी विहीर उपसली?"

"उंदरं बी बारकी न्हाईत, सायेब."

त्याच्या मागं उभे असलेले दोघं तोंड फिरवून हसले. मीही हसलो, पण मला ते हसू आतून टोचलं. हे माझ्यापासून काहीतरी लपवत आहेत, आणि जे लपवत आहेत ते पाणी आहे. कोण कशाला पाणी लपवेल?

दुपारी आक्काकडे जेवलो. दाजींची विहीरही मोजली होती. ती इतरांपेक्षा बरी होती, पण तिचेही दगड ओलेच. दाजी भाकरी मोडत म्हणाले, "काय, हाय का आमच्या हिरीत नारू?" आणि स्वतःच मोठ्यानं हसले. चुलतभाऊ उंबऱ्यात बसून तंबाखू मळत होता. तो हसला नाही. तो माझ्याकडे पाहत होता, जशी आपण बाजारात जनावराची खोड ओळखायला बघतो तशी नजर.

आक्कानं मला पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "नारूचं खरं का रं?"

"खरंच की," मी म्हणालो आणि तांब्या वर करून प्यालो. ती तशीच उभी राहिली. मग भांडी घेऊन मागच्या दाराला गेली.

त्या दिवशी चिंचवडला परतताना मला राग आला होता. आपल्याला हे लोक मूर्ख समजतात याचा राग. आपण त्यांना काय समजून वेशीत बोललो होतो, ते मात्र माझ्या मनात आलं नाही. माणूस दुसऱ्याचा संशय घेत असतो तेव्हा त्याला आपण फार निर्मळ आहोत असं वाटतं. मला तसंच वाटत होतं.

त्यांना काय वाटलं होतं ते दोनच दिवसांत माझ्या कानावर आलं. चाकणच्या बाजारातून कोणीतरी बातमी आणली होती की सरकार विहिरी मोजतंय आणि ज्याच्या विहिरीला पाणी त्याच्या जिरायतीवर बागायतीचा सारा बसणार. मी कोणत्या दिवशी येणार ही वर्दी पाटलाला आधीच गेली होती. एवढं पुरलं. गावानं एकमतानं ठरवलं की मोजणारा येईल त्या दिवशी पहाटेपासून मोटा धरायच्या आणि विहिरी तळाला न्यायच्या. ज्या गावात बांधाच्या दगडावरून दोन घरं एकमेकांशी बोलत नव्हती, त्या गावात हे एक काम मात्र एका दिलानं झालं. पाणी मातीत सोडायला त्यांच्या जिवावर आलं असेल. कांद्याला देता आलं नाही. दिलं असतं तर ओले वाफे मला दिसले असते. म्हणून पडीकात सोडलं.

साहेबांनी माझे आकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. "म्हणजे प्रश्नच मिटला की," ते म्हणाले. "वरच्या अंगाच्या विहिरींत मुळात पाणीच नाही. पाणी आहे ते ओढ्याकडे. कारखान्यानं ओढलं तरी यांचं काय जाणार? जे नाहीच ते जाईल कसं?"

मी टेबलापुढं उभा होतो. गावानं सारा चुकवायला विहिरी रिकाम्या दाखवल्या, आणि त्या रिकाम्या विहिरीच त्यांच्या उरावर बसणार होत्या. उद्या इंजिन सुरू झाल्यावर पाणी गेलं, तर कागद सांगणार की पाणी नव्हतंच.

मी म्हणालो, "साहेब, आकडे बरोबर नसावेत. विहिरी उपसलेल्या होत्या."

"कशावरून?"

"दगड ओले होते."

"दव पडतं या दिवसांत."

"पडीक रानात पाणी सोडलेलं होतं."

साहेब भले गृहस्थ होते. आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "तुमच्या भगिनी त्याच गावात असतात, नाही का?"

हे त्यांना कोणी सांगितलं, हे मला आजही माहीत नाही. पुढं कित्येक दिवस मी कचेरीतल्या प्रत्येक माणसाकडे संशयानं पाहत होतो. चहा आणणाऱ्या शिपायाकडेसुद्धा. मी "हो" म्हणालो. साहेबांनी चष्मा पुन्हा लावला. "आधी सांगायला हवं होतं. बरं, तुमचं समाधान होत नसेल तर एकदा पुन्हा मोजून या. पण मला आकडे हवेत, कहाण्या नकोत."

मी हुकूम मोडायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सायकल काढून सरळ आक्काकडे गेलो. दाजी, चुलतभाऊ आणि गावातले आणखी दोघे-तिघे ओसरीवर होते. मी बसलो नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. नारूचं औषध नाही, साऱ्याचंही काही नाही. ओढ्याकाठी कारखाना येतोय. विहिरीत पाणी आहे असं कागदावर आलं तरच तुमच्या विहिरींचा विचार होईल. मी परवा पुन्हा मोजायला येणार आहे. त्या दिवशी मोट धरू नका. पाणी आहे तसं दिसू द्या.

मग चुलतभावानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली.

"म्हंजी आमी पानी दावायचं."

"हो."

"आन् तुमी लिवून न्यायचं."

"हो."

"आन् मग सारा न्हाई वाढायचा."

"नाही वाढायचा. मी सांगतो ना."

"सांगताय खरं." तो दाजींकडे वळला. "दादा, देव्हाऱ्यातला भंडारा आन. पावण्यास्नी बेल-भंडारा उचलू दे. मग बगू."

दाजी घुटमळले. मेहुण्याला शपथ घालायची म्हणजे काही लहान गोष्ट नव्हती. पण चार माणसं बघत होती. ते आत गेले आणि वाटीत भंडारा आणि वर बेलाचं पान घेऊन आले. बेल-भंडारा उचलून खोटं बोललेल्या माणसाच्या घरात काय काय होतं याच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या होत्या. पण आज मी खरंच बोलत होतो. मी हात पुढं केला.

"थांबा," चुलतभाऊ म्हणाला. "आदी येक सांगा. भंडारा हातात घ्यून सांगा. त्या दिशी येशीत नारूचं म्हनला, ते तुमाला ठावं व्हतं का खोटं हाय म्हून?"

माझा हात वाटीवर तसाच राहिला. आत चुलीपुढं आक्का बसली होती. तिचा हात थांबलेला मला दिसला.

"ठाऊक होतं," मी म्हणालो.

"मंग आज काय झालं येवढं खरं बोलाया?"

कोणीतरी म्हणालं, "सायबानं सांगितलं आसंल, जा, आता खरं बोल म्हून." सगळे हसले. चुलतभाऊही हसला; मला वाटतं, त्याला मनातून दुःखच झालं असावं. तो म्हणाला, "र्‍हाऊ द्या पावणं. भंडाऱ्याला कशाला शिवताय? तुमचं बी प्वाट हाय, आमचं बी हाय."

मी भंडारा न उचलताच परत आलो. वाटेत मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं. सरकारी माणूस येऊन म्हणतो, तुमचं पाणी दाखवा, त्यात तुमचंच भलं आहे. आजवर कोणाचं भलं अशानं झालं होतं?

ठरलेल्या दिवशी गेलो. पहिली विहीर, गुडघाभर पाणी. दुसरी तशीच. बैल धापा टाकत होते आणि पडीक रानात बगळे उतरले होते. उंदरांचा मालक मला लांबूनच "राम राम" म्हणाला. मी मोजत गेलो, जे दिसलं ते लिहीत गेलो. शेवटी दाजींच्या विहिरीवर आलो, टेप सोडली आणि शिशाचं वजन वरच पाण्यात बुडालं. खडू पाहिला. पुन्हा सोडली. विहीर भरलेली होती. दोन पुरुष पाणी, स्वच्छ हिरवट, त्यात आभाळ दिसत होतं.

मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यापाशी आक्का धुणं घेऊन बसली होती. दाजींचा पत्ता नव्हता.

"मोट धरली नाही?" मी विचारलं.

"मोट हाय कुठं? काल सांच्याला चांभाराकडं दिली. उसवली व्हती."

"खरंच उसवली होती?"

ती धुणं आपटत राहिली. "माज्या हातानं उसवली," ती म्हणाली. "त्ये रागावून चाकणला गेल्यात. पाळी आमची हाय, दुसऱ्या कुनाला मोट लावता येत न्हाई. तवा घे मोजून."

मी विचारलं, तुला माझं खरं कसं वाटलं? ती म्हणाली, "लहानपनी खोटं बोललास की वर बगायचास. त्या दिशी तांब्या तोंडाला लावून वर बगत व्हतास. परवा भंडाऱ्याम्होरं खाली बगत व्हतास."

मी मोजून घेतलं.

पण माझं नशीब म्हणा किंवा केलेलं म्हणा, त्या एका खऱ्या आकड्यावरच साहेबांचं बोट येऊन थांबलं. सगळ्या गावात गुडघाभर पाणी आणि एकाच विहिरीत दोन पुरुष? ही कोणाची? त्यांनी नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं. "मी स्वतः येतो," एवढंच म्हणाले. कधी ते सांगितलं नाही. मला कळू नये म्हणूनच सांगितलं नाही. पण साहेब गावात येणार म्हणजे पाटलाला चहाची वर्दी जाणारच, आणि पाटलाकडे दूध तापायला लागलं की सगळ्या गावाला कळणार. ते मला नंतर समजलं. त्या सकाळी मी जीपमध्ये साहेबांच्या मागं बसलो होतो आणि मनात पाळीचे दिवस मोजत होतो. पाळी चुलतभावाची होती.

आम्ही पोहोचलो तेव्हा मोट थांबलेली होती. चुलतभाऊ बैलांना पाणी दाखवत होता. दाजी बांधावर बसले होते. आक्का विहिरीपासून लांब, त्यांच्या हद्दीच्या दगडापाशी उभी होती. नंतर कळलं की ती पहाटे जावेकडे गेली होती, चुलतभावाच्या बायकोकडे. आजचा दिवस मोट धरू नका, म्हणून पदर पसरला होता. जाऊ म्हणाली, पाळी आमची हाय, आक्का. आक्कानंही त्याच पाळीच्या जोरावर आपलं पाणी राखलं होतं.

साहेबांनी स्वतः टेप सोडली. तळापर्यंत गेली. त्यांनी खडू पाहिला, मला दाखवला. दगड ओले आहेत असं मी म्हणणार होतो. पण दवाचं उत्तर मला आधीच मिळालेलं होतं, आणि गावासमोर मी गावाला खोटं पाडायचं, हे माझ्या तोंडून येईना.

साहेब पाटलाकडे चहाला गेले तेव्हा चुलतभाऊ माझ्याजवळ आला. पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत संशय नव्हता. आपुलकी होती. तो हळूच म्हणाला, "पावणं, वैनी येडी हाय. पर काळजी नका करू. तुमच्या भनीचं बी वाचवलं बगा आज."

परतताना इंद्रायणी ओलांडल्यावर साहेब म्हणाले, "बहिणीसाठी माणूस करतो. मी हे वर कळवणार नाही." जे खोटं मी बोललोच नव्हतो त्याबद्दल त्यांनी मला क्षमा केली. जे बोललो होतो ते त्यांनीच मला दिलेलं होतं, त्यामुळं त्याची क्षमा त्यांच्याकडं नव्हती. मी "आभारी आहे" म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडून का निघाला, याचा मी आजही विचार करतो.

परवानगी मिळाली. वर्षभरात ओढ्याकाठी कारखान्याची विहीर झाली, इंजिन बसलं. त्याचा आवाज आक्काच्या ओसरीवर ऐकू यायचा, दिवसभर, एकसारखा. पहिल्या उन्हाळ्यात गावच्या विहिरी उतरल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात बहुतेक तळाला गेल्या, आणि या वेळी कोणी उपसल्या नव्हत्या. गावानं अर्ज केला. उत्तर आलं की मोजणीप्रमाणे या विहिरींत पूर्वीपासूनच पाणी अत्यल्प आहे. ते उत्तर चावडीत वाचून दाखवलं गेलं तेव्हा मी तिथं नव्हतो. दाजींनी सांगितलं, की उंदरांचा मालक उठून बाहेर गेला आणि कोणी कोणाकडं बघितलं नाही.

आक्कानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. कांद्याची लागण त्या घरानं सोडली. दाजी पुठ्ठ्याच्या कारखान्यात शिफ्टला जाऊ लागले. ज्या पाण्यानं त्यांचा कांदा व्हायचा, त्याच पाण्यात ते आता दिवसभर लगदा ढवळत होते. प्यायच्या पाण्याचा प्रश्न मात्र शिफ्टनं सुटणारा नव्हता. सामाईक विहिरीत हंडा बुडत नव्हता. आक्का आणि तिची जाऊ दोघी ओढ्यापलीकडून पाणी आणायच्या, एका वाटेनं, आणि आता त्यांच्यात पाळी राहिली नव्हती.

चैत्रात एका रविवारी मी गेलो. दाजी आणि चुलतभाऊ विहिरीत उतरले होते, गाळ काढत होते. मी सदरा काढला आणि खाली उतरलो. चुलतभावानं माझ्याकडे पाहिलं, मग कडेला ठेवलेल्या माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे.

"आज काय लिवाया आलाय?"

"काही नाही. गाळ काढायला आलोय."

त्यानं पाटी माझ्या हातात दिली. विश्वास बसला होता म्हणून नव्हे. पाटी उचलायला माणूस कमी होता म्हणून.

गाळ निघाला, खाली काळा पाषाण लागला. त्यावर पहार मारली की घंटेसारखा आवाज यायचा. दाजी कपाळ पुसत म्हणाले, "अजून खोल गेलं तर लागंल का हो पानी? तुमी शिकल्याला हाय."

सगळे थांबले. वरून आक्का आणि तिची जाऊ डोकावत होत्या. मला ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं. पाणी वरच्या फुटक्या खडकाच्या भेगांतून येतं. खालचा पाषाण घट्ट आहे. सुरुंग लावून खोल गेलात तर खर्च होईल, पाणी लागायचं नाही. मी हे अगदी खरं बोललो. खाली बघून बोललो की वर, ते आठवत नाही.

चुलतभावानं पहार उचलली. "पावणं न्हाई म्हनत्यात," तो म्हणाला, "म्हंजी आसनार."

आधी दाजी हसले. मग वरून जाऊ हसली. विहिरीत हसणं घुमतं. ते कोणाचं कुठून येतंय कळत नाही. आक्का हसली का ते मला वरच्या उजेडामुळं दिसलं नाही.

त्यांनी उन्हाळाभर सुरुंग लावले. मी दर रविवारी जात होतो आणि दगड वर ओढत होतो. आणि ज्येष्ठात, मी नाही म्हटलेल्या त्या पाषाणात, एका बाजूला करंगळीएवढी भेग निघाली. तिच्यातून पाणी पाझरू लागलं. कांद्याला पुरेल असं ते कधीच नव्हतं. पण सकाळपर्यंत दोन घरांचे हंडे भरतील एवढं साठायचं. ते कारखान्याच्या इंजिनाला का सापडलं नाही, हे मला माझ्या शिक्षणानं सांगता आलं नाही.

चुलतभावानं सगळ्या गावाला सांगितलं की पाहुणे पुन्हा एकदा खोटं बोलले होते, पण आपण काय फसतो की काय. मी ते खोडून काढलं नाही. आक्कानं त्या झऱ्याचं पाणी मला दिलं. गढूळ होतं, त्याला सुरुंगाच्या दारूचा वास येत होता. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मी तांब्या संपवला आणि म्हणालो, "गोड आहे."

"बग," ती म्हणाली, "आता बी खोटंच बोलतुयास," आणि रिकामा तांब्या माझ्या हातातून घेतला.